घरी समन्स बजावताना: पत्त्यापासून बेलिफाच्या शेऱ्यापर्यंत

रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) ‘समन्स बजावणी होऊन आलेले नाही, पुढील तारीख’ ही ओळ लागोपाठ चार-पाच वेळा दिसली, की दाव्याचं घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं. युक्तिवाद, पुरावा, साक्षी या पुढच्या गोष्टी. प्रतिवादीला दाव्याची रीतसर खबर मिळाल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे कच्च्या बजावणीवर गाडी हलते, प्रतिवादीच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मग तो रद्द होऊन सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

नवे वकील, वकिलांचे कारकून आणि स्वतःचा दावा स्वतः चालवणारे पक्षकार यांच्यासाठी हा लेख आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ५ हा याचा पाया. महाराष्ट्रात आणि गोव्यात तोच चालतो. वाचताना एक लक्षात ठेवा: कागद प्रतिवादीच्या हातात पडला की नाही हे तुम्हाला माहीत असून उपयोग नाही. तीन वर्षांनी बदलून आलेल्या न्यायाधीशाला ते नुसत्या फाइलवरून दिसलं पाहिजे. ते दिसतं बेलिफाच्या, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, शेऱ्यात, त्यामुळे अर्धं लक्ष दाराकडे आणि अर्धं त्या शेऱ्याकडे ठेवायचं.

बजावतं कोण?

आपल्याकडे समन्स कोर्ट बजावतं, पक्षकार नाही. इंग्रजी मालिकांत कोणीतरी अनोळखी माणूस हातात पाकीट कोंबून ‘यू हॅव बीन सर्व्ह्ड’ म्हणतो, ती अमेरिकेतली पद्धत. तिथल्या फेडरल कोर्टांत १८ वर्षांवरची, दाव्यात पक्षकार नसलेली कोणतीही व्यक्ती कागद देऊ शकते. इथे समन्सवर न्यायाधीशाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. ते नाझराच्या (बजावणीचं काम सांभाळणाऱ्या कोर्टातल्या अधिकाऱ्याच्या) शाखेतून बेलिफाकडे जातं आणि बेलिफ घरी जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत हे काम शेरीफच्या कार्यालयाकडे आहे. पक्षकाराने स्वतः कागद द्यायचा असेल तर कोर्टाची परवानगी लागते. त्याला आपल्याकडे ‘हमदस्त’ म्हणतात, त्याबद्दल पुढे येईल.

दाव्यापूर्वी वकिलाने पाठवलेली नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ‘त्याला नोटीस मिळालीय, त्याला सगळं माहीत आहे’ हा युक्तिवाद बजावणीच्या बाबतीत चालत नाही.

पहिली पायरी: पत्ता

बजावणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि तीही वादपत्र, म्हणजे वादीचा लेखी दावा, टाइप होताना. करारनाम्यातला दहा वर्षांपूर्वीचा पत्ता तसाच उचलला जातो. शहरात फ्लॅट क्रमांक, विंग, मजला, सोसायटीचं पूर्ण नाव, रस्ता, जवळची खूण आणि पिनकोड एवढं हवंच. ‘गणेश अपार्टमेंट, कोथरूड’ एवढ्यावर बेलिफ किती इमारती पालथ्या घालणार? गावाकडे ‘मु. पो., ता., जि.’ यावर भागत नाही. वस्ती किंवा मळ्याचं नाव, गट नंबर, पाणंद कुठून फुटते तेही लिहा. प्रतिवादीचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह द्या आणि अंदाजे वय लिहा. एकाच भावकीत एकाच नावाचे दोघे निघणं ही गावात नवलाईची गोष्ट नाही, आणि चुलत्याने घेतलेलं समन्स पुतण्याला लागू होत नाही.

राहतं घर आणि कामाचं ठिकाण, दोन्ही पत्ते माहीत असतील तर दोन्ही द्या. मोबाइल क्रमांक आणि ईमेलही वादपत्रातच येऊ द्या, पुढे उपयोगी पडतात. दावा दाखल करण्याच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन खात्री करून यावं: माणूस तिथे राहतो का, दारावर पाटी आहे का, किती वाजता घरी सापडतो. या एका फेरीने पुढच्या कितीतरी तारखा वाचतात.

दुसरी पायरी: प्रोसेस भरणं

समन्स काढण्याचा आदेश झाला की आदेशाच्या तारखेपासून सात दिवसांत जितके प्रतिवादी तितक्या वादपत्राच्या नकला साध्या कागदावर आणि बजावणीची फी भरायची. कोर्टाच्या बोलीत याला ‘प्रोसेस भरणे’ म्हणतात. संहितेच्या कलम २७ मध्ये दावा दाखल झाल्यापासून ३० दिवसांची मुदत दिसते आणि ती वाचून नवखे घाबरतात. वादीने आपल्याकडून करायच्या गोष्टी त्या ३० दिवसांत केल्या की पुरे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलंय. प्रत्यक्ष बजावणी वादीच्या हातात नसते.

नकला मोजून घ्या. चार प्रतिवादी असतील तर बेलिफासाठी चार संच आणि टपालासाठी वेगळे चार. नवरा-बायको दोघंही प्रतिवादी असतील तर ‘एकाच घरात तर राहतात’ म्हणून एकच संच देऊ नका. प्रत्येक प्रतिवादीला वेगळी बजावणी लागते. प्रत्येक समन्ससोबत वादपत्राची नक्कल असलीच पाहिजे. नुसतं समन्स देऊन आलेली बजावणी ही अर्धवट बजावणी, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

फी कोर्टात भरायची आणि पावती घ्यायची. बेलिफाच्या हातात सुटे पैसे ठेवायची कोणी सवय लावत असेल तर लावून घेऊ नका. उलटतपासणीत ‘तुम्हाला वादीने किती दिले?’ हा प्रश्न आला, तर चांगली बजावणीसुद्धा संशयास्पद होते.

दाव्यासोबत मनाईचा अर्ज असेल आणि कोर्टाने प्रतिवादीला न ऐकता तात्पुरती मनाई दिली असेल, तर वेगळी घाई असते. अर्ज, शपथपत्र, वादपत्र आणि कागदपत्रांच्या नकला प्रतिवादीला लगेच द्यायच्या किंवा रजिस्टर टपालाने पाठवायच्या आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. आदेश ३९ नियम ३ मधली ही अट विसरली, तर समोरचा हातातोंडाशी आलेली मनाई उठवून घेतो.

तिसरी पायरी: दारात

बेलिफासोबत घर दाखवायला कोणीतरी जा. कायद्याने हे सक्तीचं नाही, पण अनोळखी वस्तीत बेलिफ एकटा गेला की ‘पत्ता सापडला नाही’ हा शेरा ठरलेला. दाखवणाऱ्याने घर दाखवायचं आणि बाजूला उभं राहायचं. वाद घालायचा नाही, कागद स्वतः द्यायचा नाही, मोबाइलवर चित्रीकरण करत दारात घुसायचं नाही.

दारात पोचल्यावर क्रम ठरलेला आहे. तो उलटा करता येत नाही.

आधी खुद्द प्रतिवादी. तो घरी असेल तर त्यालाच, दुसऱ्या कोणाला नाही. तो नसेल तर समन्स घेण्याचा अधिकार दिलेला त्याचा मुखत्यार. तोही नसेल तर त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली सज्ञान व्यक्ती, पुरुष किंवा स्त्री. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘सज्ञान पुरुष’ असा शब्द होता, त्यामुळे बाईने घेतलेलं समन्स चालत नाही असा समज अजून ऐकू येतो. दिवाणी दाव्यात तो चुकीचा आहे. फौजदारी समन्सबाबतही १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्यावर, तो फरक गेला.

कुटुंबातल्या व्यक्तीकडे समन्स देण्याला मात्र एक अट आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. प्रतिवादी घरी नाही एवढं पुरत नाही, तो वाजवी वेळेत घरी सापडण्याची शक्यता नाही हेही दिसलं पाहिजे. बेलिफ सकाळी साडेअकराला जातो, प्रतिवादी नोकरीवर गेलेला असतो, दार बायको उघडते, सही करते, बेलिफ परत. हा माणूस संध्याकाळी सातला घरी येणारच होता! अशी बजावणी वाद निघाल्यावर डळमळते. त्याऐवजी बेलिफाने सकाळी आठला किंवा सुटीच्या दिवशी फेरी मारावी, निदान दोन वेगवेगळ्या वेळी जाऊन यावं आणि तसं शेऱ्यात लिहावं. ‘प्रतिवादी कामानिमित्त सुरतेस गेले असून महिनाभर येणार नाहीत, असे त्यांच्या पत्नीने सांगितले’ एवढं एक वाक्य त्या सहीला बळ देतं.

कोणाला दिलेलं चालत नाही? घरकाम करणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, गडी यांना नाही. नोकर हा कुटुंबातला सदस्य नाही, असं आदेश ५ च्या नियम १५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. सोसायटीच्या वॉचमनला नाही. शेजाऱ्याला नाही, भाडेकरूला नाही. सोळा वर्षांच्या मुलाला नाही, तो कितीही उंच दिसला तरी. पाहुणी म्हणून आलेल्या, सासरी नांदणाऱ्या बहिणीलाही नाही, कारण ती ‘सोबत राहणारी’ नाही.

आणि ज्याचं हित प्रतिवादीच्या उलट आहे त्याला तर बिलकूल नको. वाटपाच्या दाव्यात वादी भाऊ आणि प्रतिवादी भाऊ एकाच वाड्यात राहतात. बेलिफ येतो, वादीची बायको ‘द्या इकडे, आम्ही एकाच घरातले’ म्हणून सही करते. कागदावर सज्ञान स्त्री, एकत्र कुटुंब, एकच घर, सगळं जुळतं. पण ती बजावणी पहिल्याच हरकतीला कोसळते. नवरा-बायकोच्या दाव्यातही हेच: बायको वादी असताना नवऱ्याचं समन्स तिने घेतलं तर त्याला काही अर्थ नाही.

ज्याने घेतलं त्याची सही मूळ समन्सवर, पोच म्हणून. सहीखाली पूर्ण नाव, प्रतिवादीशी नातं, तारीख आणि वेळ. तारखेचा आग्रह धरा, कारण लेखी कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) मुदत बजावणीच्या दिवसापासून मोजली जाते: ३० दिवस, आणि कोर्टाने कारण नोंदवून वाढवली तरी ९० दिवसांपर्यंत. व्यापारी दाव्यांत कमाल १२० दिवस आणि त्यानंतर कैफियतीचा हक्कच जातो. सही आहे पण तारीख नाही, अशा समन्सवर पुढे दोन-दोन तारखा नुसता वाद चालतो.

अंगठा असेल तर कोणत्या हाताचा, कोणाचा आणि कोणासमोर घेतला ते शेजारी लिहा.

सूर्यास्तानंतर घरात शिरता येत नाही, हा नियम कोणी दारात सांगितला तर तो जंगम मालाच्या जप्तीचा आहे (कलम ६२). समन्स देण्याला तो लागू नाही. तरी रात्री दहाला कडी वाजवू नये, हे सांगायला कायदा कशाला हवा.

नाही म्हणाला तर

घेण्यास नकार, सही करण्यास नकार, किंवा पुरेसे प्रयत्न करूनही न सापडणं: या परिस्थितीत नियम १७ येतो. समन्सची प्रत, वादपत्राच्या नकलेसह, तो राहतो किंवा धंदा करतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी चिकटवायची आणि मूळ समन्स शेऱ्यासह कोर्टात परत पाठवायचं. शेऱ्यात तीन गोष्टी नियमानेच लागतात: चिकटवलं हे, कोणत्या परिस्थितीत चिकटवलं ते, आणि घर कोणी दाखवलं व कोणासमक्ष चिकटवलं त्यांची नावं-पत्ते.

फायलींत सर्रास दिसणारा शेरा असा:

‘सदर पत्त्यावर गेलो असता घर बंद. सबब समन्स दारावर चिकटवले.’

यात वेळ नाही, कितवी फेरी ते नाही, चौकशी नाही, साक्षीदार नाही. घर पाच मिनिटांसाठी बंद होतं की पाच महिन्यांपासून, हेही कळत नाही. आता हाच शेरा कसा हवा ते पाहा:

‘दि. १२ रोजी सायंकाळी ६.४० वा. व दि. १४ रोजी सकाळी ८.१० वा. वादीचे इसमाने दाखविल्यावरून प्रतिवादी क्र. २ यांचे राहते घरी गेलो. दोन्ही वेळी घरास कुलूप होते. दारावर प्रतिवादीचे नावाची पाटी आहे. समोरील घरात राहणारे (नाव, वय, पत्ता) यांचेकडे विचारपूस करता, प्रतिवादी येथेच राहतात, मात्र रात्री उशिरा येतात व पहाटे जातात, नक्की वेळ सांगता येत नाही, असे सांगितले. घरात अन्य सज्ञान इसम मिळून आला नाही. सबब समन्सची प्रत वादपत्राचे नकलेसह बाहेरील दारास वरील इसम व (दुसरे नाव, पत्ता) यांचे समक्ष चिकटविली. त्यांच्या सह्या घेतल्या आहेत.’

दुसऱ्या शेऱ्यात एकही अवघड कायदेशीर शब्द नाही, तरी त्यातून भोक पाडणं कठीण आहे. साक्षीदार शेजारचे असावेत, वादीच्या मोटारीतून आलेले नकोत. गावात पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत सदस्य मिळाले तर उत्तम. शहरात शेजारी सही द्यायला बिचकतात. तेव्हा सोसायटीच्या सचिवाला गाठा. कोणीच सही देत नसेल तर ज्याला विचारलं त्याचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि त्याने नकार दिला हे तरी शेऱ्यात यावं.

चिकटवताना वादपत्राची वीस-पंचवीस पानं लहानशा चिकटपट्टीवर टिकत नाहीत. पाकिटात घालून, वर कोर्टाचं आणि दाव्याचं नाव दिसेल असं, रुंद पट्टीने लावा आणि पाटीसह छायाचित्र घ्या. हल्ली बेलिफांकडे ई-कोर्ट प्रकल्पातलं एनस्टेप हे मोबाइल अॅप असतं. त्यात ठिकाण आणि छायाचित्र नोंदवता येतं. जिथे ते वापरात आहे तिथे नोंद झाली ना, ते विचारून घ्या.

असा शेरा शपथेवर नसेल तर कोर्टाला बेलिफाला शपथेवर तपासावंच लागतं. शपथपत्र सोबत असेल तर तपासायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. म्हणून शपथपत्र जोडायला लावा. त्याचा नमुना संहितेच्या परिशिष्ट ‘ब’ मध्ये ११ क्रमांकाला आहे. त्यानंतरही ‘बजावणी रीतसर झाली’ असं कोर्टाने जाहीर करायला हवं. चिकटवून आलेल्या समन्सवर आपोआप एकतर्फी आदेश होत नाही. त्या तारखेला उभं राहून तशी नोंद मागून घ्या.

टपालाने

बेलिफाबरोबरच टपालाचाही मार्ग खुला ठेवा. नियम ९ मध्ये रजिस्टर पोच टपाल, स्पीड पोस्ट, मान्यताप्राप्त कुरिअर असे मार्ग आहेत, खर्च वादीचा. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केलं. त्यामुळे खिडकीवर पोच आणि पत्त्यावरील व्यक्तीच्याच हाती देण्याची सोय मागताना नीट सांगा, नुसतं ‘स्पीड पोस्ट करा’ म्हणू नका. पावती, ट्रॅकिंगचा कागद आणि परत आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवा. ते पाकीट कोर्टासमोरच उघडू द्या.

परत आलेल्या पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा नीट वाचा, सगळ्या शेऱ्यांचा अर्थ एक नाही. ‘घेण्यास नकार’ असेल तर कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं, नियमच तसा आहे. पत्ता बरोबर, टपाल रीतसर पाठवलेलं, पण पोच हरवली किंवा समन्स निघाल्यापासून ३० दिवसांत आलीच नाही, तरी तसं जाहीर होऊ शकतं. ‘सूचना दिली, मागणी नाही’ यावर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ मधलं गृहीतक मागता येतं, पण ते खोडता येण्यासारखं असतं. ‘दार बंद’ म्हणजे नकार नव्हे. ‘पत्ता अपुरा’ ही तुमची चूक. ‘सोडून गेले’ म्हणजे नवा पत्ता शोधा. आणि ‘मयत’ असेल तर सगळं थांबवून आधी मृत्यूची तारीख मिळवा: दाव्यानंतर गेला असेल तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे असतात. दाव्याआधीच गेला असेल तर प्रश्न निराळा आणि गंभीर आहे. मयताविरुद्ध दाखल केलेला दावा मुळातच टिकत नाही.

शेरा खोटा असू शकतो याची कोर्टांनाही जाणीव आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुरिअरच्या खोट्या शेऱ्यांबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. ‘नकार’ शेरा आलेला असताना प्रतिवादी त्या दिवशी रुग्णालयात होता असं निघालं, तर तो शेरा तुमच्याच अंगाशी येतो.

हमदस्त

बेलिफावर कामाचा बोजा आणि तारीख जवळ आलेली, तेव्हा वादी अर्ज करून समन्स स्वतःच्या हाती मागतो. नियम ९-अ प्रमाणे कोर्ट परवानगी देऊ शकतं, पण ती नेहमीच्या मार्गाबरोबरीने असते, त्याच्या बदली नाही. हमदस्त नेणाऱ्याला बेलिफासारखाच वेळेचा आणि पद्धतीचा शेरा लिहावा लागतो, पोच घ्यावी लागते. मात्र समोरच्याने नकार दिला तर वादीने स्वतः दारावर चिकटवून मोकळं व्हायचं नाही. परत यायचं आणि कोर्टाकडून पुन्हा समन्स काढण्यासाठी अर्ज द्यायचा. हे न कळल्यामुळे लोक उत्साहाने दारावर कागद लावून, सेल्फी काढून येतात.

भांडण तापलेलं असेल तर वादीने स्वतः जाऊच नये. कारकुनाला किंवा तटस्थ माणसाला पाठवा.

गाव वेगळं, माणूस वेगळा

प्रतिवादी दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत राहत असेल तर समन्स त्या कोर्टाकडे जातं. बाहेरच्या कोर्टाचं समन्स मुंबईत बजावायचं असेल तर ते लघुवाद न्यायालयाकडे जातं. यात वेळ जातो, म्हणून टपाल सोबत पाठवाच आणि पुढची तारीख लांबची मागा.

तुरुंगातल्या माणसाचं समन्स तुरुंगाधिकाऱ्याकडे, सैनिकाचं त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवतात. सरकारी किंवा रेल्वे कर्मचाऱ्याचं समन्स त्याच्या कार्यालयप्रमुखामार्फत पाठवण्याची सोय आहे. कंपनीला तिच्या नोंदणीकृत कार्यालयात किंवा सचिव, संचालक, मुख्य अधिकारी यांच्याकडे द्यायचं. स्वागतकक्षातल्या मुलीची सही घेतली असेल तर कंपनीचा शिक्का आणि आवक क्रमांकही घ्या. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, प्रतिवादीच्या बाबतीत पालक नेमण्याची प्रक्रिया आधी उरकावी लागते.

व्हॉट्सअॅप आणि ईमेल

ईमेलने बजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे २०१७ चे नियम आहेत. व्हॉट्सअॅपबद्दल गैरसमज फार. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात, पीडीएफ नोटीस पोचली आणि उघडलीही गेली हे खुणांवरून दिसतं म्हणून ती बजावणी मान्य केली होती. त्यावरून ‘निळ्या खुणा आल्या की बजावणी झाली’ असा निष्कर्ष काढू नका. कोर्टाची परवानगी, तो क्रमांक प्रतिवादीचाच असल्याचा पुरावा आणि पाठवल्याचं शपथपत्र, हे तिन्ही हवंच. खुणा बंद ठेवणारे काही कमी नाहीत. हा जोडमार्ग समजा, मुख्य रस्ता नाही.

शेवटचा उपाय: जाहीर समन्स

प्रतिवादी टाळतो आहे किंवा नेहमीच्या पद्धतीने बजावणी होऊच शकत नाही, अशी कोर्टाची खात्री पटली तर नियम २० खाली पर्यायी बजावणी होते: कोर्टाच्या इमारतीत आणि शेवटच्या ज्ञात घरावर प्रत लावून, किंवा वर्तमानपत्रातून. एक समन्स परत आलं की दुसऱ्या दिवशी जाहिरातीचा अर्ज, ही सवय वाईट. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दाव्यातला असा एकतर्फी हुकूमनामा रद्द केला, कारण नेहमीच्या बजावणीचे पुरेसे प्रयत्न न करताच जाहिरातीची वाट धरली होती. अर्जासोबतच्या शपथपत्रात प्रत्येक प्रयत्नाची तारीख, परत आलेला शेरा, नव्या पत्त्याची कुठे चौकशी केली, सगळं द्या.

वर्तमानपत्र प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणारं दैनिक हवं. इचलकरंजीच्या माणसासाठी नागपूर आवृत्तीत जाहिरात स्वस्त पडते म्हणून द्याल, तर पैसेही गेले आणि बजावणीही.

जाहीर समन्सवर मिळालेला हुकूमनामा कमकुवत का, तेही पाहून ठेवा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. बजावणी रीतसर नसेल तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ चं स्पष्टीकरण सांगतं की या कामापुरती नियम २० ची बजावणी ‘रीतसर’ धरायची नाही. म्हणजे प्रतिवादी चार वर्षांनी येऊन ‘मला काल कळलं’ म्हणू शकतो. बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर मात्र हुकूमनामा रद्द होत नाही. प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर कोर्ट ती त्रुटी बाजूला ठेवतं.

समन्स परत आल्यावर

बजावणी न होता समन्स परत आलं की सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज द्या. नाहीतर आदेश ९ नियम ५ खाली त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा काढून टाकला जाऊ शकतो. कोर्टात फक्त तारखेलाच जाणाऱ्यांना समन्स परत आल्याचं महिन्याने कळतं. म्हणून आठवड्यातून एकदा नाझराकडे किंवा ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नजर टाका.

बजावणीपूर्वीच प्रतिवादीचा वकील वकीलपत्र घेऊन उभा राहिला तर समन्सचा प्रश्न मिटतो, पण वादपत्राची नक्कल तिथल्या तिथे द्या आणि ‘नक्कल मिळाली’ अशी सही घेऊन रोजनाम्यात नोंद करून घ्या. नाहीतर कैफियतीचे दिवस कुठून मोजायचे, यावर भांडण होतं.

आणि समन्स तुमच्याच दारात आलं तर? घ्या. सही करणं म्हणजे कागद मिळाल्याची पोच, त्याने दावा कबूल होत नाही. दार न उघडल्याने दावा थांबत नाही, उलट कैफियत देण्याचे दिवस हातचे जातात. सहीखाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. समन्ससोबत वादपत्र नसेल तर सहीच्या शेजारी ‘वादपत्राची नक्कल मिळाली नाही’ एवढं लिहा आणि बेलिफ जायच्या आत त्या पानाचा फोटो काढून ठेवा.